भट्टीतून लवकर काढलेली मोटर

आमच्या वर्कशॉपचे जुने मिस्त्री डोळ्यांनी अधू झाले आणि घरी बसले. त्यांची जागा मलाच मिळणार याबद्दल मला काही शंका नव्हती. घरातही कुणाला नव्हती. आई तर शेजारणीला सांगूनही आली होती.

वर्कशॉप चंद्रपुरात परकोटाच्या आत, एका अरुंद गल्लीत होतं. जळालेल्या मोटरा आमच्याकडे यायच्या. आतली जळकी तांब्याची तार काढायची, नवी भरायची, तिला व्हार्निश पाजायचं, विटा रचून केलेल्या भट्टीत सुकवायचं आणि मग बेअरिंग बसवून मोटर बंद करायची, एवढंच काम. विहिरीवरचे पंप यायचे, पिठाच्या चक्क्या यायच्या, हंगामात धानाच्या गिरण्यांच्या मोटरा आणि उन्हाळ्यात कूलरचा तर ढीग. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पण मोटर जळली की तिकडची माणसं चंद्रपूरचीच बस धरायची. आम्ही एकूण अकरा जण होतो. तार भरणाऱ्यांत मी पहिला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या हाताला वेग होता आणि मी आयटीआय केलं होतं.

आयटीआयचं सर्टिफिकेट बाबांनी काचेत मढवून घेतलं होतं आणि बुद्धाच्या तसबिरीच्या बाजूलाच लावलं होतं. बाबा कोळशाच्या खाणीत होते. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, छपन्न साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलली जायची, की शिकलेल्या माणसाला कुणाच्या हाताखाली वाकावं लागत नाही. मी ते खरं मानून मोठा झालो होतो.

मालकांनी निर्णय सांगितला तो चहाच्या वेळी, अगदी सहज. हातात बशी होती त्यांच्या. म्हणाले, "उद्यापासून मिस्त्रीचं काम हा पाहीन," आणि बशी धरलेल्या हातानंच त्यांनी ज्याच्याकडे दाखवलं, तो मी नव्हतो.

तो होता धानोऱ्याकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, सातवी पास. घरची धानाची शेती. गावाकडे एका गिरणीवर राहून मोटर खोलायला आणि लावायला आपला आपणच शिकला होता. आमच्याकडे येऊन त्याला तीन वर्षं झाली होती, मला आठ. इंग्रजी पाटी वाचता यायची नाही त्याला. मोटरवरच्या पत्र्यावर काय लिहिलंय ते तो मलाच विचारायचा. बोलणं संथ, इतकं संथ की ऐकणाऱ्यानंच वाक्य पुरं करावं. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. आपल्याच विनोदावर आधी आपणच हसायचा.

मी चहा तसाच ठेवला. जागेवर जाऊन बसलो, गुंडाळी करायला घेतली आणि वेढे मोजायला विसरलो. पुन्हा सगळी तार उसवली.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मंग काय झालं? काम तं तेच करायचं हाये ना."

"तुले नाई समजत," मी म्हणालो.

बाबांना मी सांगितलंच नाही. त्यांना कळलं ते बाहेरून. त्यांनीही मला काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला फार लागलं.

मत्सर हा शब्द मला तेव्हा पुस्तकी वाटायचा. आमच्याकडे म्हणतात, पोटात दुखते. आणि ते अक्षरशः तसंच होतं. सकाळी गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरलो की माझ्या पोटात काहीतरी आवळायचं. दिवसभरात त्याला किती जण 'मिस्त्री' म्हणून हाक मारतात तिकडे माझा कान असायचा. मी स्वतः त्याला त्या नावानं कधीच हाक मारली नाही. पूर्वी नावानं बोलवायचो, आता तेही जमेना. मग मी असं बोलायला लागलो की हाक मारायचीच वेळ येऊ नये. जवळ जाऊन उभा राहायचो आणि एकदम कामाचं वाक्य सुरू करायचो. त्याच्या ते लक्षात आलं होतं का, ठाऊक नाही. तो मला पूर्वीसारखाच 'भाऊ' म्हणायचा.

त्याच्यात मी चुका शोधायचो. सापडायच्याही. रजिस्टर त्याला नीट लिहिता यायचं नाही. गिऱ्हाईकाशी भाव करताना तो लाजायचा. पण एक गोष्ट होती. जुने मिस्त्री असताना वर्कशॉपमध्ये रोज कुणाचं ना कुणाचं वाजायचं. त्याच्याकडे ते काम आल्यावर ते कमी झालं. मी पाहायचो. कुणी तणतणत त्याच्याकडे गेलं, की तो हातातलं काम खाली ठेवायचा. नुसता ऐकायचा नाही, काम खाली ठेवायचा. मग म्हणायचा, "मंग काय झालं?" समोरचा सांगायचा. तो पुन्हा म्हणायचा, "मंग?" तिसऱ्या 'मंग'पर्यंत माणसाचा अर्धा राग निघून गेलेला असायचा. मला ते बावळटपणाचं वाटायचं. तसं मी दोन-तीन जणांना बोललोही.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

हिवाळा होता, धानाचा हंगाम. गिरण्या जोरात चालू होत्या आणि तशाच जळतही होत्या. मूलकडच्या एका गिरणीची मोठी मोटर आली. तार मी स्वतः भरली. सुंदर भरली होती, अजून आठवते. व्हार्निश पाजलं आणि भट्टीत ठेवली. थंडीत व्हार्निश सुकायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी नव्या मिस्त्रीला एक पंप बसवून द्यायला बाहेरगावी जायचं होतं. जाताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, गिरणीची मोटर उद्या सकाळपर्यंत भट्टीतून नका काढू. गिरणीवाला येईन, घाई करन. करू द्या."

"माहीत हाये," मी म्हणालो.

गिरणीवाला दुपारी आलाच. धानाची पोती पडून आहेत, गावातली माणसं दारात बसली आहेत, आजच मोटर द्या, असं म्हणायला लागला. मालक जेवायला घरी गेले होते. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "इथी मोठं कोन हाये?"

मी म्हणालो, "मी हाओ."

ते म्हणताना मला काय वाटलं ते मला लपवायचं नाही. फार बरं वाटलं. मी भट्टीचं झाकण काढलं, बोट लावून पाहिलं. वरून सुकलं होतं. तारेला टेस्टचा दिवा लावून तपासलं, दोष दिसला नाही. मनात एक आवाज होता की आत अजून ओल असेल. पण गिरणीवाला माझ्याकडे पाहत होता, आणि सकाळपर्यंत थांब म्हणणं म्हणजे मिस्त्रीचंच वाक्य माझ्या तोंडून काढणं होतं. मी मोटर भट्टीतून काढली आणि फिटरकाकांकडे दिली.

फिटरकाका हे आमच्यातले सगळ्यांत म्हातारे. सिरोंच्याकडचे. घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी-हिंदी एकत्र. बेअरिंग ठोकताना हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला मोजायचे, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू." दिवसभर आमच्या वर्कशॉपला तो ताल असायचा. अलीकडे त्यांच्या हाताला थोडा कंप सुटायला लागला होता, पण हातोडी हातात आली की तो थांबायचा. त्यांनी बेअरिंग बसवलं, मोटर बंद केली. गिरणीवाला टेम्पोत घालून घेऊन गेला. गिऱ्हाईक खोळंबलं नाही म्हणून संध्याकाळी मालकांनी मला शाबासकीही दिली.

चौथ्या दिवशी तोच टेम्पो पुन्हा दारात उभा. मोटर जळली होती.

गिरणीवाला एवढा बोलला की गल्लीतली माणसं जमली. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तार कोणी भरली?" मी म्हणालो, मी. "बंद कोणी केली?" काका म्हणाले, मी. मग मालक आमच्या दोघांकडे पाहत राहिले. मिस्त्री कोपऱ्यात होता, तोही पाहत होता. भट्टीचा विषय त्या क्षणी कुणाच्या डोक्यात नव्हता. तो फक्त माझ्या डोक्यात होता.

आणि मी म्हणालो, "तार बरोबर होती. बेअरिंग टाइट बसलं असन. काकाचे हात थरथरून राह्यले आजकाल, सगळ्याइले दिसते. कोनी बोलत नाई एवढंच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हातोडी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी सावकाश बाकावर ठेवली. चपला घातल्या आणि निघून गेले. 

त्यानंतर अर्ध्या तासात वर्कशॉपचे दोन भाग झाले. जुने लोक काकांच्या बाजूचे. माझ्यासारखे आयटीआयवाले माझ्या बाजूचे. ते मोठमोठ्यानं म्हणायला लागले की म्हाताऱ्या माणसांना जड काम देऊच नये. ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं ते माझ्यासाठी भांडत होते. मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. मालक वैतागून मिस्त्रीला म्हणाले, "दोघांपैकी एकाले काढ. मले रोजची कटकट नाई पायजे."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. आता सापडला, असं मला वाटलं. काकांना काढलं तर जुने लोक त्याला सोडणार नाहीत आणि मला काढलं तर त्याच्या पाट्या कोण वाचणार?

त्यानं दोन्ही केलं नाही. तो आधी गिरणीवाल्याकडे गेला. आमच्याकडे एक जुनी मोटर भरून पडलेली होती, तिचा मालक पावसाळ्यापर्यंत नेणार नव्हता. त्या माणसाला विचारायला त्यानं सायकलवर एकाला पाठवलं, होकार आणवला आणि ती मोटर गिरणीवाल्याच्या टेम्पोत चढवली. मग मालकांना म्हणाला, "आधी त्याची गिरणी चालू होऊ द्या जी. तो इथी उभा राह्यला तं आपल्याले काईच नीट दिसनार नाई. भांडायचं ते आपन उद्या भांडू." आम्हाला म्हणाला, "जळकी मोटर उद्या सकाळी खोलू. सगळ्याइच्या समोर. तंवर कोनी तिले हात नका लावू."

संध्याकाळी तो काकांच्या घरी गेला. तिथं काय बोलणं झालं ते मला पुढे काकांकडूनच कळलं. त्यानं त्यांची समजूत काढली नाही, तुमची चूक नाही असंही म्हटलं नाही. फक्त एवढं म्हणाला की, "काका, मोटर उद्या खोलनार हाओ. तुमी नसान तं खोलनार नाई."

सकाळी काका आले. माझ्याकडे न बघता बसले. मिस्त्रीनं मोटर मधोमध फरशीवर ठेवली आणि सगळ्यांना भोवती बसवलं. मालक खुर्चीवर. त्यानं सांगितलं, "आधी कोनी बोलनार नाई. आधी पाहू. बोलाचं मंग."

त्यानं बेअरिंग काढलं आणि काकांच्या हातात न देता माझ्याच हातात दिलं. म्हणाला, "फिरवून पाहा भाऊ." मी फिरवलं. मोकळं फिरत होतं. घासल्याची एक खूण नव्हती. मी ते शेजारच्याला दिलं, त्यानं फिरवून पुढच्याला दिलं. असं करत ते सगळ्यांच्या हातांतून गेलं आणि शेवटी काकांकडे आलं. काकांनी फिरवलं नाही. मांडीवर ठेवून दिलं.

मग त्यानं तार कापली. एका खाचेतली जुडी अख्खी उपटून काढली आणि मधून चिरली. वरून काळी पडलेली, पण आत व्हार्निश अजून चिकट होतं. बोट लावलं तर त्याचा धागा ओढला जात होता, मधासारखा. वास आला, ओल्या व्हार्निशचा. हा वास आम्हा सगळ्यांना झोपेतही ओळखता आला असता.  हळूहळू दोन-तीन माना भट्टीकडे वळल्या.

मला वाटलं, आता माझं नाव येणार. मी तयार होतो. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर त्याचा राग करायला मला कारण मिळालं असतं.

मिस्त्री उठला आणि मालकांना म्हणाला, "मोटर भट्टीतून लवकर निघाली. बेअरिंगचा काई दोष नाई, काकाचा काई दोष नाई. भट्टी माझ्याकडे हाये. त्या दिवशी मी नव्हतो अन् नीट सांगून नाई गेलो. चूक माझी हाये."

मालक त्याला खूप बोलले. सातवी पास माणसाला जागा दिली ती माझीच चूक, असंही बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. मी त्याच्यापासून तीन हातांवर बसलो होतो. तोंड उघडायला मला भरपूर वेळ मिळाला. मालक बराच वेळ बोलत होते.

त्या दिवशी माझ्या मनात जे आलं ते आजही लिहायला जड जातं. मला कृतज्ञता वाटली नाही. लाज वाटली, पण त्याहून जास्त जळफळाट झाला. माझी जागा त्यानं घेतलीच होती, आता माझी चूकही घेतली. आणि चूक घेऊन तो मोठा दिसत होता. कुणाला खरं माहीत असो वा नसो, जुने लोक त्याच्याकडे असं पाहत होते जसं माझ्याकडे आठ वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

दोन दिवस मी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या नळावर हात धूत होता, तिथं मी त्याला गाठलं.

"काऊन घेतलं अंगावर?" मी विचारलं. रागानंच विचारलं.

त्यानं हात झटकले. नळ बंद केला. मग माझ्याकडे वळला.

"तुमी सांगान म्हनून थांबलो होतो मी," तो म्हणाला. "तार चिरल्यावर बराच वेळ थांबलो. तुमी नाई बोलले. मालक समोर बसले होते, त्याइच्या डोक्यात एकाले काढाचं होतं. कोनी तं काई बोलाच लागत होतं."

"मी काई म्हटलं नव्हतं तुले, घे म्हनून."

"नाई म्हटलं." त्यानं ओले हात पँटला पुसले.  "पन भाऊ, मी खोटं बोललो. मी नीट सांगून गेलो होतो. हे तुमाले माहीत हाये, मले माहीत हाये. काकाले माहीत नाई. मालकाचं मी पाहून घेतलं. काकाचं तुमालेच पाहा लागन. ते मले नाई करता येत."

तेवढंच बोलून तो आत गेला. मला उपदेश केला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो.

वर्कशॉपमध्ये काका कामावर होते, पण बेअरिंग ठोकताना मोजत नव्हते. नुसते ठोके यायचे. बाकी कुणाला ते जाणवलं की नाही माहीत नाही. मला दर ठोक्याला जाणवायचं.

आठ दिवसांनी, रविवारी, मी काकांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून सायकलची चेन रॉकेलनं धूत होते. मला पाहून बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मोटर मीच लवकर काढली, मिस्त्रीनं काढू नको म्हणून बजावलं होतं, आणि मला हे त्या दिवशीच ठाऊक होतं. एका दमात सांगितलं.

काकांनी चेन पुन्हा डब्यात बुडवली.

"बाबू," ते म्हणाले, "माझे हात थरथरतात हे तू कुठं बोललास?"

"वर्कशॉपमधी."

"किती लोक होते?"

"सगळे होते."

"मग माझ्या घरी येऊन हे काऊन सांगून राह्यला? इथं तर मी एकटाच हाये. जिथं बोलला तिथं सांग."

मी परत निघालो. वाटेत रामाळा तलावाच्या पाळीवर सायकल लावून बराच वेळ उभा राहिलो. कामाला सोडचिठ्ठी द्यावी, दुसरीकडे जावं, असंही मनात येऊन गेलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबरच म्हनते म्हातारा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "डब्यात उद्या काय देऊ?"

सोमवारी चहाच्या वेळी मी उठलो. मालक होते, सगळे होते. मी भाषण तयार केलं होतं. ते सगळं विसरलो आणि तीन वाक्यं बोललो. गिरणीची मोटर भट्टीतून मी काढली. मिस्त्रीनं मला काढू नका म्हणून सांगितलं होतं. काकांच्या हाताबद्दल मी जे बोललो ते स्वतःला वाचवायला बोललो.

मी त्याला मोठ्यानं 'मिस्त्री' म्हणालो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

काही झालं नाही. मालकांनी "हं" केलं आणि पेपर उघडला. आयटीआयवाल्यांपैकी एक जण माझ्यावर चिडला, कारण तो माझ्यासाठी इतरांशी भांडला होता. मिस्त्रीनं खर्ऱ्याची पुडी सोडली, चिमूट गालात धरली आणि कामाला लागला. माझ्याकडे त्यानं मुद्दाम पाहिलं नाही, असं मला वाटतं. पाहिलं असतं तर मला सहन झालं नसतं, हे त्याला कळलं असावं. की मीच त्याला हवं तेवढं शहाणपण देतोय, कोण जाणे.

काकांनी पुढे महिनाभर माझ्याशी थेट व्यवहार केला नाही. सामान द्यायचं असेल तर दुसऱ्याच्या हाती द्यायचे. मग एक दिवस स्वतः उठून आले, बेअरिंग माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "पाह्य बरं, टाइट हाये का?" सगळे हसले. मीही हसलो. कान गरम झाले होते माझे.

सव्वा वर्षानं मिस्त्रीला ऊर्जानगरात, वीज केंद्रात नोकरी लागली. पक्की नोकरी, क्वार्टर. त्याच्या निरोपाला जुने लोक रडले. मालकांनी त्याची जागा मला दिली, या वेळी चहाची बशी खाली ठेवून दिली. बाबांनी त्या दिवशी पेढे आणले. मला वाटलं होतं की आता पोटातलं ते आवळणं सुटेल.

सुटलं नाही. त्याचा चेहरा समोर नव्हता एवढाच फरक. लोक 'मिस्त्री' म्हणायचे ते त्यालाच. मला 'भाऊ' म्हणायचे. काही अडलं की कुणीतरी म्हणायचंच, "मिस्त्री असता तं असं केलं असतं." नसलेल्या माणसाशी कुणी कसं झगडणार?

पहिलं भांडण लवकरच झालं. तार भरणारे दोघे एका बिघडलेल्या पंपावरून एकमेकांच्या अंगावर गेले. मी त्याचंच सगळं केलं. मोटर मधोमध ठेवली, सगळ्यांना गोल बसवलं, आधी कोणी बोलायचं नाही म्हणून सांगितलं. एवढंच नाही, मी संथ बोलायला लागलो. "मंग काय झालं?" असं म्हणालो. माझ्या तोंडून ते इतकं विचित्र वाटलं की दोघांपैकी एक जण फसकन हसला. दुसरा म्हणाला, "भाऊ, त्याची नक्कल नका करू."

सगळ्यांसमोर म्हणाला.  मी बैठक मोडून टाकली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

पण ते बरंच झालं. दोन-तीन दिवस मी विचार करत राहिलो की त्याच्याकडे नसलेलं आणि माझ्याकडे असलेलं काय आहे. ऐकून घेण्याचा धीर माझ्याकडे नव्हता, तो आणूनही येत नव्हता. माझ्याकडे अक्षर होतं. मी जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले, भोक पाडून सुतळी ओवली आणि प्रत्येक मोटरला एक चिठ्ठी बांधायला सुरुवात केली. तार कोणी भरली, भट्टीत कधी ठेवली, कधी काढली, कोणी काढली, बंद कोणी केली. ज्यानं केलं त्यानं सही करायची. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं की हा आपल्याला पकडायला निघाला. म्हणून पहिली चिठ्ठी मी माझ्या मोटरला बांधली. आणि पुढच्याच महिन्यात माझीच एक मोटर परत आली. चिठ्ठी माझ्या सहीची. मी ती भिंतीवर खिळ्याला टांगली, सगळ्यांना दिसेल अशी. काकांना लिहिता येत नव्हतं, ते अंगठा उमटवायचे. ग्रीसचा काळा, ठसठशीत अंगठा.

भांडणं थांबली नाहीत. पण 'तू केलंस, मी नाही' हा प्रकार जवळजवळ संपला. मग भांडण होई ते मोटर का जळली यावर. ते भांडण मला आवडायचं, त्यात मला माझं शिक्षण उपयोगी पडायचं. आवाज चढला की मी खडूनं फरशीवर चित्र काढायचो, अन् दोघंही वाकून बघायला लागायचे.

वर्षभरानं एकदा मी ऊर्जानगरला गेलो. काम आहे असं मी घरी सांगितलं. काम नव्हतं. बसमधून उतरलो, विचारत विचारत त्याच्या क्वार्टरपर्यंत पोहोचलो. सारखी सारखी घरं, प्रत्येकापुढे सायकल नाहीतर स्कूटर. त्याच्या दारापुढे वांग्याची चार झाडं होती. मला पाहून त्याला खरंच आनंद झाला. बायकोला हाक मारली, "अवो, आमचे भाऊ आले."

आमचे भाऊ.

चहा झाला. त्यानं एकेकाची चौकशी केली, वर्कशॉपमधल्या सगळ्यांची. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, काकांचे हात कसे आहेत. मग मी त्याला विचारलं, इथं कसं आहे.

"काम ठरलेलं हाये," तो म्हणाला. "एक रांग पंख्यांची हाये, त्याइले पाहाचं. ग्रीस द्याचं. साहेब लोक शिकलेले हाये, मले विचारा असं काई नसते." मग म्हणाला, "इथी कोनी भांडायलेच नाई येत माझ्याकडे."

हसून म्हणाला तो. पण मला ते ऐकून आत कुठंतरी बरं वाटलं. स्पष्ट वाटलं, पाणी प्यावं तसं. आणि ते वाटलं हेही मला त्याच क्षणी कळलं. त्याची बायको माझ्या बशीत चिवडा वाढत होती.

ते झाकायला म्हणूनच असेल, मी त्याला चिठ्ठ्यांचं सांगायला लागलो. सुतळी, सही, भिंतीवरचा खिळा. तो नेहमीसारखा ऐकत राहिला. हातातला कप त्यानं खाली ठेवला होता.

"हे मले नाई सुचलं, भाऊ," तो म्हणाला. "मी होतो तंवर मीच लागत होतो. तुमी नसान तरी हे चालन."

इतकी वर्षं मला त्याच्या तोंडून जे ऐकायचं होतं ते हेच असावं. मी बशी उचलली. चिवडा खाल्ला. तो मला बसस्टँडपर्यंत पोहोचवायला आला, बस सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिला.

बस पद्मापूरच्या वळणापर्यंत येईतो मी फार सुखात होतो. मग माझ्या मनात आलं की हा माणूस उद्या त्या पंख्यांना चिठ्ठ्या बांधेल, साहेब लोक ते पाहतील आणि म्हणतील, वा, काय डोकं आहे. आणि तो नक्की सांगेल की हे माझं नाही, आमच्या भाऊचं आहे. तो सांगणारच होता, हे मला माहीत होतं, सांगून पुन्हा तोच मोठा दिसणार होता, आणि तेच मला नको होतं.